डोळ्यांपुरता फोटो

डोंगरावर काकडीसारखं दुसरं पाणी नाही. बाटलीतलं पाणी पोटात जातं, काकडी थेट गुडघ्यांत उतरते.

*

आमच्या बाजारातल्या कपडेवाल्याने एकदा जांभळ्या जाकिटांचा मोठा गठ्ठा स्वस्तात उचलला. तेव्हापासून आमच्याकडच्या पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या बायका डोंगरावर जांभळ्या दिसतात. वर रुंद झापडाची टोपी, खाली नाकापासून गळ्यापर्यंत फुलाफुलांचा मास्क. उन्हाने चेहरा काळवंडू नये म्हणून. उघडे राहतात ते डोळे, आणि त्यांच्यावरही बहुधा चष्मा असतो.

*

एक घर आहे. त्याला पाटी नाही. त्याचं टपाल दुसऱ्याच पत्त्यावर येतं, तिथून कुणीतरी भाजीच्या पिशवीत घालून आणून देतं. अंगणात दोरीवर लहान मापाचे कपडे वाळतात, पण रस्त्यावरून अंगण दिसत नाही.

*

चेसॉकबोंग शिखराच्या उतारावर मेलेली झाडं उभी आहेत. पांढरी, सालीवाचून. मेली, पण पडायचं राहून गेलं.

*

वरून उतरणारा माणूस चढणाऱ्याला नेहमी सांगतो, "आलंच आता, दहा मिनिटं." हे खोटं आहे हे त्याला माहीत असतं आणि आपल्यालाही. तरी आपण मान लववतो, आणि ती दहा मिनिटं चालतो.

*

दासोलचा एकही फोटो नाही.

*

आता सरळ सांगते. तुकड्यातुकड्यांनी सांगितलं की लोक मध्येच कॉफी करायला उठतात.

बाजारात माझं तोंडीलावण्यांचं दुकान आहे. किमची, तिळाच्या पानांचं लोणचं, सोया सॉसमध्ये मुरवलेला लसूण. माझं नाव सुनिम. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते घर आमच्या गावात आहे आणि ते घर कुठल्या गावात आहे हे लिहायचं नसतं.

ज्या मुलांना स्वतःच्या घरात राहणं धोक्याचं झालेलं असतं, ती त्या घरात राहतात. सरकारी माणसं त्यांना घेऊन येतात; कधी शाळेतून, कधी भर थंडीत नुसत्या मोज्यांवर. आम्हा बाजारवाल्यांना घर कुठे आहे ते माहीत असून माहीत नसतं. कुणी परका माणूस येऊन चौकशी करायला लागला, तर मासळीवाली त्याला बुद्धमंदिराचा रस्ता दाखवते, आणि ते मंदिर डोंगराच्या पलीकडे आहे.

त्या घराचा बॉयलर म्हातारा झाला होता. हिवाळ्यात एकाच खोलीची जमीन तापायची, तीही खिडकीखालचा तुकडा तेवढा. म्हणून आमच्या बाजाराच्या गिर्यारोहण मंडळाने ठरवलं की तीन दिवस चिरीसान डोंगराच्या धारेने चालत जायचं, थेट माथ्यापर्यंत, आणि त्या चालण्यासाठी बाजाराने मदत द्यायची.

बैठक बाजारातल्या मोठ्या तव्याभोवती झाली. मुगाची घावनं निघत होती आणि लोक बोलत होते.

"चेहरे पाहिजेत," मासळीवाली म्हणाली. "देते मी, पण चेहरे दिसले पाहिजेत."

"म्हणजे काय?" आमचे अध्यक्ष प्यो यांनी विचारलं. प्योंचं बॉयलरचं दुकान आहे. आवाजही बॉयलरसारखाच, आधी घरघरतो आणि मग एकदम पेट घेतो.

"म्हणजे काय ते तुम्हाला चांगलं माहितीये, अध्यक्षसाहेब. गेल्या वर्षी अर्धं मंडळ पायथ्याच्या टपरीत माक्गॉली ढोसत बसलं आणि फोटोत मात्र सगळे माथ्यावर! टोप्या आणि मास्क. आत कोण होतं ते देवाला ठाऊक."

"आत माझी बायको होती!"

"तुमची बायको त्या वेळेला हमामखान्यात माझी पाठ घासत होती."

तव्याभोवती असं हसू फुटलं की घावन करपलं. प्यो लाल झाले. मग त्यांनी मांडीवर हात आपटला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला: या वर्षी नऊ जण जाणार, नऊच्या नऊ माथ्यावर पोचणार, आणि माथ्यावरच्या दगडाजवळ उघड्या चेहऱ्यांनी फोटो काढणार. तो फोटो बसस्टँडवर फलकावर लागेल. पेपरात येईल. त्यांची सून तो इंटरनेटवर टाकेल. एक जरी चेहरा कमी भरला तर कुणी काही देऊ नये.

नावं आठच झाली.

*

"ताई, माझं नाव द्या."

दासोल माझ्या दुकानात काम करते. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आम्ही लसूण सोलत होतो. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते, कारण डाव्या बाजूने बोललेलं तिला ऐकू येत नाही.

"शेवटी फोटो आहे, पोरी."

"माहितीये."

"स्टँडवर लागणार. पेपरात. सगळीकडे."

"माहितीये म्हटलं ना."

ती त्या घरात वाढली हे बाजारात मला एकटीला माहीत होतं, असं तेव्हा मला वाटायचं. तिचा बाप तिला शोधत असतो. एकदा तिला दूरच्या गावात मावशीकडे लपवलं होतं. शाळेच्या सहलीचा फोटो कुठेतरी लागला, आणि तो आला. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही. तिचा डावा कान तेवढा त्या दिवसापासून गप्प आहे. त्यानंतर ती आमच्या गावच्या घरात आली. मोठी झाल्यावर तिने सरकारदरबारी आपल्या पत्त्याला कुलूप लावून घेतलं. बाप असला तरी त्याला तिचे कागद काढता येत नाहीत, ती कुठे राहते ते कुणी त्याला सांगू शकत नाही. पण फोटोला कुलूप लावता येत नाही. बाजाराच्या प्रत्येक समारंभात दासोल म्हणते, "तुम्ही उभ्या राहा, मी काढते."

"मग कशाला?" मी विचारलं.

तिने एक पाकळी सोलली, दुसरी सोलली.

"त्या खिडकीखाली मी झोपायचे," ती म्हणाली. "धाकट्यांना मध्ये घ्यायचो. मोठ्या कडेला. खिडकीतून धार दिसायची, बर्फ पडलेली. मला वाटायचं, तिथे वर कुणीतरी राहत असेल आणि त्याला थंडी वाजत नसेल."

"आणि फोटो?"

"वर पोचल्यावर बघू."

*

वर पोचल्यावर बघू, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. लग्नाबद्दल, कर्जाबद्दल, डोंगराबद्दल.

*

पहिला दिवस. धुकं.

नोगोदानला पोचलो तेव्हा खालची दरी नव्हतीच. कुणीतरी ती दुधाने भरून ठेवली होती आणि त्या दुधातून दूरचे दोन डोंगर बेटांसारखे वर आले होते. दाल्सून आजी माझ्या पुढे होती. ती सुकट विकते, वय विचारलं तर काठी उगारते. तिने काठी दुधात बुडवल्यासारखी केली.

"डोंगराच्या आजीने नवऱ्यासाठी वस्त्र विणलं," ती म्हणाली. "झाडाच्या सालीचा धागा काढून. किती वर्षं विणत बसली. तो मेला आलाच नाही. मग तिने टराटरा फाडलं आणि वाऱ्यावर सोडलं. तेच हे."

"आजी, तो का नाही आला?" दासोलने विचारलं.

"बाप्ये! रस्ता चुकला असेल आणि विचारायची लाज वाटली असेल."

पुढून प्यो ओरडले, "कुणाला म्हणताय?"

"तुम्हाला नाही हो, अध्यक्षसाहेब. तुम्ही तर विचारून चुकता."

चालत राहिलो. धुक्यात पावलांचा आवाज आपल्याच मागून येतो. मला वाटत होतं की आपण चढत नाही, डोंगरच हळूहळू पायाखालून सरकतोय आणि आपण जागच्या जागी पाय हलवतोय, स्वप्नात हलवतात तसे. दासोल पुढे होती. मग बाजूला होती. मग मागे. तिचा मास्क निळ्या फुलांचा होता. बाकी ती आमच्यासारखीच जांभळी. धुक्यात तिला हाक मारायची तर उजव्या बाजूला जावं लागायचं, आणि धुक्यात उजवी बाजू कुठली ते कळत नव्हतं.

संध्याकाळी निवाऱ्यात फळ्यांवर ओळीने पडलो. प्योंनी पिशवीतून मंडळाचा घडी केलेला कापडी फलक काढला, उशाखाली ठेवला आणि त्यावर हात ठेवून झोपले. लहान मूल झोपतं तसे.

*

दुसऱ्या दिवशी मी माणसं हरवली आणि मला ते कळलं नाही.

असं झालं. धारेवर एका वळणाला बुटाची नाडी बांधायला वाकले. उठले तर पुढे जांभळी रांग चालली होती. मी तिच्या शेवटाला लागले. सगळं तसंच: झापडाच्या टोप्या, फुलांचे मास्क, काठ्यांची टकटक. धुक्यात कुणी बोलत नव्हतं. मी पण बोलले नाही. किती वेळ चाललो कोण जाणे. रांगेच्या पलीकडे, धुक्यात, अजून एक रांग चालल्यासारखी वाटत होती. लहान लहान. पायांचा आवाजच नाही. मला वाटलं, मोज्यांवर आहेत पोरं. मी थांबले नाही, मान वळवून पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर ती बुटकी झाडं झाली असती.

मग कुणीतरी "बसा!" म्हणालं. बसलो. मी डबा उघडला आणि शेजारणीला लसूण दिला. तिने मला आंबट मुळा दिला. मी खाल्ला आणि चपापले. असा मुळा आमच्या गावात कुणी करत नाही. त्यात नाशपाती होती.

"हा कुणी केला?"

"मी. का? खारट झालाय?"

आवाज ओळखीचा नव्हता. मी तिचा मास्क खाली ओढला. आत भलताच चेहरा.

"अगं बाई!" मी किंचाळले.

"तुमचंच तोंड बघा आधी!" ती किंचाळली.

सुन्चोनच्या बाजारातलं मंडळ होतं. जाकिटं त्याच गठ्ठ्यातली, त्याच घाऊक व्यापाऱ्याकडची. बायका पोट धरून हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोळ्यांपुढे निळा मास्क होता. दासोल कुठल्या बाजूला होती, तिला कुणी हाक मारली असेल, कुठल्या कानाला?

त्यांची म्होरकी एक उंच बाई होती, कमरेला घंटी बांधलेली. तिने मला काकडी दिली. "रडू नका. सेसॉकच्या पठारावर सगळेच थांबतात. तिथे सापडतील."

"लांब आहे का?"

"आलंच. दहा मिनिटं."

*

पठारावर रानअझेलिया फुलल्या होत्या. धुक्यात त्या फुलांना रंग नसतो, रंगाची आठवण तेवढी असते. त्या फिकट गुलाबी आठवणीत आमचं मंडळ उभं होतं आणि प्यो मोजत होते.

"...सात, आठ, नऊ! भरले. चला."

"मी इथे आहे!" मी ओरडले.

प्यो वळले. माझ्याकडे पाहिलं. परत रांगेकडे पाहिलं. परत माझ्याकडे.

"मग ही कोण?"

रांगेच्या टोकाच्या बाईने मास्क खाली घेतला. "मला वाटलंच," ती शांतपणे म्हणाली, "आमचे अध्यक्ष एवढे ओरडत नाहीत."

सुन्चोनवाल्यांनी आपली बाई ओळखून टाळ्या वाजवल्या. आता दोन्ही मंडळं एकत्रच चालू लागली, कारण वेगळं करायचं तर आधी सगळ्यांचे मास्क काढावे लागले असते. दासोल माझ्याजवळ आली. तिने माझा हात धरला आणि तिच्या उजव्या बाजूला नेऊन सोडला.

"ताई, मी मागे वळून बघत होते," ती म्हणाली. "एकदम वाटलं, तुम्ही कधी नव्हताच."

"मला पण तसंच वाटलं."

"कसं वाटतं?"

"हलकं वाटतं. आणि भीती वाटते."

"हो," दासोल म्हणाली. "मला रोज असंच वाटतं."

*

तिसरा दिवस. मेलेली झाडं.

ती धुक्यातून एकेक करून येत होती. एक पांढरं खोड, हात वर केलेलं. मग दुसरं. त्यांच्यामध्ये कोवळी रोपं लावली आहेत, गुडघ्याएवढी.

दासोल म्हणाली, "ताई, मी काढणार."

"काय?"

"मास्क. फोटोत. चेहरा दाखवणार."

मी थांबले. माझ्या मागची सुन्चोनची बाई माझ्यावर आदळली आणि "अहो!" म्हणाली.

"नऊ पाहिजेत," दासोल म्हणाली. "मी नाही दाखवला तर मासळीवाली देणार नाही. तिने नाही दिले तर कुणीच देणार नाही. आणि मी खाली राहिले तरी तेच. मी सगळा हिशोब केला, दोन दिवस तेच करतेय. जमिनीचा तेवढाच तुकडा गरम असतो, ताई. आता तिथे अकरा पोरं आहेत."

"आणि त्याने पाहिला तर?"

"तर मी दुसऱ्या गावी जाईन. परत नाव बदलेन. लसूण काय, कुठेही सोलता येतो."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला तिच्या खोलीतली पिशवी आठवली. दाराशी ठेवलेली. मी एकदा उचलून बाजूला ठेवायला गेले होते, तर ती भरलेली होती. तिला आमच्या गावात येऊन इतकी वर्षं झाली, पण ती पिशवी कधी रिकामी झाली नव्हती.

"पोरी," मी म्हणाले, "तुझ्यावाचून माझ्या दुकानाचं—"

पण ती पुढे गेली होती, डावा कान माझ्याकडे करून.

*

स्वर्गाचं दार म्हणतात ते दोन खडकांमधली फट आहे. लोखंडी शिडी. एकेकाने जायचं. दासोल चढली, तिचे पाय दिसेनासे झाले, मग बूट, मग नुसता शिडीचा थरथराट.

*

माथा.

दगडाजवळ फोटोसाठी रांग होती. माथ्यावर नेहमीच असते. वारा असो, ढग असो, लोक मुकाट्याने आपली पाळी येईतो उभे राहतात, खालच्या गावात पोस्टात उभे राहतात तसे. आमची पाळी आली. प्योंनी फलक उलगडला. 'मुलं आपली, डोंगर आपला.' वाऱ्याने तो शिडासारखा फुगला आणि टोकं धरलेल्या दोघींना ओढून नेऊ लागला.

रांगेतल्या एका कॉलेजकुमाराच्या हातात प्योंनी फोन दिला आणि स्वतः मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उघडाच होता. ते कधीच मास्क लावत नाहीत, बाप्याने लावायचा नसतो म्हणतात.

"चला! टोप्या वर, मास्क खाली! चेहरे!"

दासोलचा हात वर गेला. तिची दोन बोटं निळ्या फुलांच्या कडेत अडकली. ती बोटं मला दिसत होती.

"मी नाही काढणार," दाल्सून आजी म्हणाली.

"आजी?"

"दात घरी राहिलेत."

"तोंड मिटून घ्या की!"

"मिटलं की गाल आत जातात. स्टँडवर लावणार ना तुम्ही? माझा म्हातारा तिथून बस पकडतो. त्याने मला ओळखलंच नाही आणि दुसरीच घरी नेली तर?"

"आजी, तुमच्या पाया पडतो—"

"मी पण नाही," मी म्हणाले. "माझ्या... नाकावर पुळी आलीये."

"मला ऊन बाधतं," आमच्यातली तिसरी म्हणाली.

"ऊन? कुठाय ऊन? स्वतःचा हात दिसत नाही आणि ऊन!"

"येईल की आता. दहा मिनिटांत."

"बरोबर आहे तिचं," रांगेतून सुन्चोनची घंटीवाली ओरडली. तिचा काही संबंध नव्हता. "ऊन सांगून येत नाही! काढू नका गं!"

मग एकापाठोपाठ एक. कुणाला सर्दी. कुणी सकाळी तोंड धुतलं नव्हतं. एकीला तर खोटं बोलायचाही कंटाळा आला. तिने नुसती मान हलवली आणि मास्क आणखी वर ओढला, चष्म्याला टेकेपर्यंत. कुणी दासोलकडे पाहत नव्हतं. सात बायका ढगाकडे पाहत होत्या, दगडाकडे, आपापल्या बुटांकडे. आणि तेव्हा मला कळलं की माझ्या एकटीला माहीत आहे असं जे मी समजत होते, तसं काही नव्हतंच. सगळ्या बाजाराने कधीपासून ते गिळून ठेवलं होतं, मासळीवाली परक्याला मंदिराचा रस्ता दाखवते तसं.

राहिले प्यो.

ते लाल झाले होते. आता पेट घेतील असं वाटलं. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "सगळ्या बाजारासमोर. गेल्या वर्षीची फजिती अजून... लोक थुंकतील माझ्यावर. आणि त्या पोरांचं काय? तुम्हाला समजतंय का, काय करताय ते?"

"काढते मी," दासोल म्हणाली. "अध्यक्षसाहेब, मी काढते. माझा एक तरी—"

प्योंनी तिच्याकडे पाहिलं. दोन अडकलेल्या बोटांकडे, आणि वरच्या डोळ्यांकडे.

त्या घरात बॉयलर दुरुस्त करायला गावातला एकच माणूस जायचा. दर हिवाळ्यात. गुडघ्यांवर बसून, जमिनीला कान लावून, नळ्या कुठे गार पडल्यात ते ऐकत. खिडकीखाली मुलं झोपलेली असतील तर त्यांच्या उठण्याची वाट बघत.

ढग आमच्यामधून चालत गेला. थोडा वेळ कुणीच कुणाला दिसलं नाही. ढग गेला तेव्हा प्यो तसेच उभे होते, पण त्यांचा आवाज बसला होता.

"कुणाकडे," ते म्हणाले, "जास्तीचा मास्क आहे का?"

दाल्सून आजीने जाकिटाच्या आतून एक काढून दिला. गुलाबी, मोठाल्या शेवंतीच्या फुलांचा. प्योंनी तो उलटा घातला, मग सुलटा घातला. कानांमागे नीट बसवला. नाक झाकलं. मग ते दासोलजवळ गेले, तिची बोटं मास्कच्या कडेतून हलकेच सोडवली आणि कड पुन्हा वर सरकवली, थंडीत लेकराचा गळपट्टा सारखा करतात तशी.

"पैसे बुडाले तर बुडाले," ते म्हणाले. "नवा बॉयलर माझ्याच दुकानात पडलाय. काढ रे फोटो!"

"काका, हसा ना!" कॉलेजकुमार ओरडला.

"हसतोय की!" शेवंतीच्या फुलांतून आवाज आला.

*

फोटोनंतर दासोल एकटी दगडाच्या मागे गेली, जिथे कडा संपतो आणि पुढे पांढरं असतं. पाठ आमच्याकडे. तिने टोपी काढली. मास्क काढला. वारा जोराचा होता. तिचे केस सगळे एका बाजूला उडाले आणि ती तशीच उभी राहिली, चेहरा उघडा टाकून, समोर कुणीच नसलेल्या त्या एवढ्या मोठ्या पांढऱ्याकडे.

मी पाहिलं नाही. म्हणजे पाठ पाहिली. आम्ही सगळ्यांनी पाठच पाहिली, आणि दगडाकडे जाणाऱ्या एका परक्या माणसाला घंटीवालीने काठी आडवी धरून थांबवलं.

"जरा थांबा."

"का? काय आहे तिकडे?"

"काही नाही," ती म्हणाली. "मुलगी आहे."

*

फोटोचा फलक बसस्टँडवर लागला. लोकांनी मोजलं तर दहा भरले. सुन्चोनची ती बाई पुन्हा आमच्या रांगेत उभी राहिली होती.

"ह्यात आपले कोण?" कुणीतरी विचारलं. "बँक लुटायला गेले होते का?"

"ही गुलाबी म्हातारी कोण म्हणायची?"

"मी," प्यो म्हणाले.

मासळीवाली फलकासमोर बराच वेळ उभी राहिली. एकेकीच्या डोळ्यांवर नजर फिरवत गेली. निळ्या फुलांपाशी थांबली. मग तिने एप्रनला हात पुसले, खिशातून लिफाफा काढला आणि प्योंच्या हातात दिला. "चेहरे ओळखले मी सगळे," ती मोठ्याने म्हणाली, मागे उभ्या असलेल्यांना ऐकू जाईल असं. मग बाकीचे लिफाफे आले.

पहिलं दव गोठायच्या आत त्या घरातल्या सगळ्या खोल्यांची जमीन तापू लागली. प्यो सांगत होते की मुलं आता कुठेही झोपतात, दारात, स्वयंपाकघरात, त्यामुळे चालायची पंचाईत होते.

दासोल अजून माझ्याकडेच लसूण सोलते. तिची पिशवी अजून दाराशी आहे. संध्याकाळी स्टँडवरून जाताना ती फलकाकडे पाहते, आणि मग मान वळवून आजूबाजूच्या माणसांकडे, एकेकाकडे, तिच्या त्या सवयीने.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, आम्ही चढायला निघायच्या कितीतरी आधी, आगीच्या भीतीने डोंगराच्या वाटा बंद होत्या तेव्हा, तिचा बाप उल्सानच्या एका रुग्णालयात वारला होता. तिच्या पत्त्याला कुलूप असल्यामुळे ते तिला कुणी कळवू शकलं नव्हतं.